सेल्फ मारला की नुसतंच ‘टक्’: सोलेनॉइडवर आळ घेण्याआधी

सकाळच्या घाईत चावी फिरवावी, डॅशबोर्डवरचे दिवे लागावेत, बॉनेटखालून एकच ‘टक्’ यावा आणि पुढे काहीच नाही. पुन्हा चावी, पुन्हा ‘टक्’. सोसायटीच्या पार्किंगमध्ये असं झालं की पाच मिनिटांत तीन सल्लागार गोळा होतात. एक म्हणतो बॅटरी गेली, दुसरा म्हणतो सेल्फ गेला. तिसऱ्याला ‘सोलेनॉइड’ हा शब्द येत असतो, म्हणून सगळे त्याचं ऐकतात.

मीही एकदा तिसऱ्याचंच ऐकलं. जुन्या छोट्या पेट्रोल गाडीचा अख्खा सेल्फ बदलून घेतला. आठवडाभर गाडी गुणी बाळासारखी वागली आणि सोमवारी पुन्हा ‘टक्’. दोष निघाला बॅटरीपासून गिअरबॉक्सला जाणाऱ्या अर्थिंगच्या केबलमध्ये. वरून केबल ठणठणीत होती, पण लग, म्हणजे केबलच्या टोकाचा धातूचा डोळा, ओढून पाहिला तर आतल्या तारांची हिरवी भुकटी हातात आली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोराचा खर्च माझा. तेव्हापासून मीटर लावल्याशिवाय मी सेल्फच्या नटाला पाना लावत नाही. खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमानं. उदाहरण मॅन्युअल गिअरच्या, चावीनं सुरू होणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीचं घेतलंय, बटणवाल्या गाड्यांचं वेगळेपण ओघात येईल.

आधी आतली भानगड समजून घ्या

बॅटरीच्या प्लसवरून निघालेल्या जाड केबलच्या मागे मागे गेलात की इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथे सेल्फ सापडतो. मोठं नळकांडं म्हणजे मोटर. तिच्या पाठुंगळी पोर बसावं तसं छोटं नळकांडं बसलेलं असतं, ते सोलेनॉइड.

त्याला दोन कामं. इंजिन फिरवायला छोट्या पेट्रोल गाडीतही शंभर अँपिअरच्या आसपास करंट लागतो, डिझेलला त्याहून बराच जास्त. एवढा करंट चावीच्या स्विचमधून नेला तर स्विच जळून जाईल. म्हणून चावी फक्त सोलेनॉइडला इशारा देते आणि सोलेनॉइड आतल्या तांब्याच्या चकतीनं जाड केबलचा रस्ता जोडतो. दुसरं काम ढकलण्याचं. आतला लोखंडी दांडा, म्हणजे प्लंजर, आत ओढला जातो तेव्हा एका काट्याच्या मदतीनं तो छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या टोकाला असलेल्या मोठ्या चाकाच्या, दात्यांत नेऊन अडकवतो. या चाकाला गॅरेजमध्ये बेंडिक्स म्हणतात. आधी दाते अडकतात, मग चकती टेकते, मग मोटर फिरते. तो ‘टक्’ आवाज या हालचालीचाच.

(‘सेल्फ’ हा शब्द ‘सेल्फ स्टार्टर’चा उरलेला तुकडा. चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा सेल्फ १९१२च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्याआधी समोरून हँडल मारावं लागायचं, आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं.)

सोलेनॉइडवर तीन जोडण्या असतात. दोन जाड नट आणि एक बारीक वायर. बॅटरीची जाड केबल येते तो ‘बी’, काही सेल्फवर तिथे ३० हा आकडा असतो. चावीकडून इशारा आणणारी बारीक वायर येते तो ‘एस’, त्यावर कधी ५० लिहिलेलं असतं. तिसरा ‘एम’, तिथून जाड पट्टी किंवा वायर मोटरच्या पोटात शिरते. पुढचं सगळं निदान या तीन टोकांवरच चालणार आहे, तेव्हा गाडी चांगली असतानाच एकदा टॉर्च मारून ती ओळखून ठेवा.

आता थोडं खोलात. सोलेनॉइडमध्ये गुंडाळी एक नसते, दोन असतात. पहिली प्लंजर ओढून घेणारी. ती एस आणि एमच्या मध्ये जोडलेली असते आणि बराच करंट खाते. दुसरी प्लंजर धरून ठेवणारी, एस आणि बॉडीच्या मध्ये. चकती टेकली की एमवरही बॅटरीचा व्होल्टेज येतो. म्हणजे ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, आणि ती आपोआप गप्प बसते. तिथून पुढे प्लंजर दुसऱ्या गुंडाळीच्या जिवावर टिकतो. ही दुसरी गुंडाळी तुटली असेल तर काय होईल? प्लंजर आत जातो, चकती टेकते, पहिली गुंडाळी सुटते, स्प्रिंग प्लंजरला बाहेर फेकते, चकती सुटते, पहिली पुन्हा ओढते. टक्-टक्-टक्-टक्. बॅटरी उतरल्यावर येतो तो आवाजही असाच, कारण चकती टेकल्याबरोबर व्होल्टेज कोसळतो आणि धरणारी गुंडाळी चांगली असूनही तिच्यात जोर राहत नाही. नुसत्या आवाजावरून पैज लावणारे इथेच हरतात.

कान आणि हेडलाइट

तरी सुरुवात कानानंच करायची. हेडलाइट लावा, गाडी भिंतीकडे तोंड करून असेल तर उत्तमच, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. एका वेळी दोन-तीन सेकंद, त्याहून जास्त नाही.

टक्-टक्-टक् होतंय आणि प्रत्येक ‘टक्’ला लाइट मरतोय: दहापैकी नऊ वेळा बॅटरी किंवा तिचे टर्मिनल. हे दहापैकी नऊ माझ्या अनुभवातले.

एकच ‘टक्’ आणि लाइट जशाच्या तशा: मोटरपर्यंत करंट पोचतच नाहीये. आतली चकती जळालेली असू शकते, किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे, घासून झिजणारे तुकडे) संपलेले. सोलेनॉइडवर संशय घ्यायला ही जागा योग्य.

एकच जड ‘ठक्’ आणि लाइट एकदम मंद: मोटर जोर लावतेय पण फिरत नाही. बॅटरी अशक्त असेल, नाहीतर सेल्फ किंवा खुद्द इंजिनच अडकलंय. पावसात गाडी पाण्यातून काढल्यानंतर असं झालं असेल तर तिथेच थांबा. सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असताना सेल्फ मारत राहिलात तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग सोलेनॉइडचा विषय फारच किरकोळ वाटायला लागतो.

आवाजच नाही, लाइट चांगल्या: इशारा सोलेनॉइडपर्यंत येत नाहीये किंवा गुंडाळी तुटलीय.

‘घूंऽऽ’ असा मोटर मोकळी फिरल्याचा आवाज, पण इंजिन ढिम्म: सोलेनॉइडनं चकती जोडली म्हणूनच मोटर फिरली. बहुतेक बेंडिक्सचा क्लच, म्हणजे त्याच्या आतली एकाच दिशेनं पकडणारी यंत्रणा, घसरतोय.

हात घालण्याआधी

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. अंगठी, कडं, धातूचं घड्याळ काढून ठेवा. बी नटावर बॅटरीचा प्लस कायम जिवंत असतो, चावी बंद असली तरीही, आणि तिथे पाना बॉडीला टेकला तर पानाच वेल्डिंग रॉड होतो. तपासताना इंजिन मध्येच सुरू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. सेल्फ खालून दिसत असेल तर नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली शिरू नका. स्टँड लावा, नाहीतर गॅरेजची लिफ्ट गाठा.

मल्टीमीटर साधा, डिजिटल, कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा चालतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. अँपिअरच्या खाचेत वायर घालून सेल्फचा करंट मोजायला जाऊ नका, साध्या मीटरची झेप १० अँपिअरची.

बॅटरी आणि केबल

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पोट भरलेलं. १२.४ चालेल. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उतरलेली. १२.० असेल तर आधी चार्ज करा, पुढची कुठलीही चाचणी तुमची दिशाभूलच करेल. मग सेल्फ मारताना आकडा बघा. तो ९.६च्या खाली गेला तर बॅटरी संशयित. ‘टक्’ होऊनही आकडा १२.४ वरून जेमतेम १२.२ वर आला, तर मोटर करंट ओढतच नाहीये. बॅटरी सुटली, तपास पुढे सरकला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशनं धुवा. काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. क्लॅम्प हातानं फिरत असेल तर तोच घट्ट करून आधी सेल्फ मारून बघा. लाज वाटण्यासारखं काही नाही, अर्ध्या गाड्या इथेच सुरू होतात.

एस टर्मिनल: खरा निकाल इथे

मीटरचं काळं टोक सेल्फच्या उघड्या धातूवर, लाल टोक एसवर. एसची वायर काढून मोजू नका, जोडलेलीच राहू द्या. काढलेल्या वायरवर सडका स्विचसुद्धा १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट मागतच नाही. गुंडाळीनं करंट मागितला की त्याचं पितळ उघडं पडतं.

साथीदाराला चावी ‘स्टार्ट’वर धरायला सांगा.

साडेदहा-अकरा व्होल्ट येतायत आणि सोलेनॉइड गप्प: दोष सोलेनॉइडमध्ये. गुंडाळी तुटली किंवा प्लंजर गंजून अडकला. समुद्राकाठच्या हवेत, किंवा चाकाखालून उडणारं पाणी सेल्फवर येत असेल तर, प्लंजर अडकणं नवलाचं नाही.

शून्य, किंवा आठाच्या खाली: सोलेनॉइड निर्दोष धरा आणि मागे चला. फ्यूज बघा. स्टार्टर रिले (बारीक इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारी छोटी डबी) असेल तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे का ते पाहून अदलाबदल करा, फुकटात निदान होतं. काही गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तिथला पेडलखालचा स्विच बघा. ऑटोमॅटिकमध्ये गिअर ‘पी’ऐवजी ‘एन’वर घेऊन प्रयत्न करा. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. बटणवाल्या गाडीत ब्रेक दाबल्याचं कॉम्प्युटरला कळावं लागतं, म्हणून मागचे ब्रेकलाइट लागतायत का ते कुणाला तरी बघायला सांगा. ते लागत नसतील तर दोष बहुधा ब्रेक पेडलजवळच्या छोट्या स्विचमध्ये आहे, आणि तो सेल्फच्या मानानं अगदीच स्वस्तातला भाग.

व्होल्टेज येतोय आणि ‘टक्’ही होतोय, पण मोटर फिरत नाही: आता पुढची पायरी. ही सावकाश वाचा.

बी आणि एमच्या मध्ये

लाल टोक बी नटावर, काळं एम नटावर. चावी न फिरवता मीटर १२.५च्या आसपास दाखवेल, कारण चकती उघडी आहे, एका बाजूला बॅटरी आणि दुसऱ्या बाजूला मोटरमधून अर्थ. आता सेल्फ मारा. चकती नीट टेकली तर हा आकडा धाडकन खाली येऊन जेमतेम ०.१ ते ०.३ उरला पाहिजे.

‘टक्’ झाला आणि आकडा १२ लाच चिकटून राहिला, तर सोलेनॉइडची चोरी पकडली. प्लंजर सरकतोय, पण तांब्याच्या चकतीचा जळून कोळसा झालाय. आकडा दीड-दोन व्होल्टवर अडला तर चकती अर्धवट जळालेली. मोटर रडतखडत फिरेल आणि सोलेनॉइडचं मागचं झाकण हाताला गरम लागेल.

आकडा शून्याजवळ आला तरी मोटर गप्प, तर सोलेनॉइडची माफी मागा आणि एम ते सेल्फची बॉडी मोजा. तिथे दहा-अकरा व्होल्ट पोचूनही मोटर हलत नसेल तर कार्बन संपलेत किंवा आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, गेलंय. तिथेही कमीच भरत असतील तर केबल आणि अर्थिंग. अर्थिंगसाठी एक टोक बॅटरीच्या मायनस पोस्टवर, दुसरं सेल्फच्या बॉडीवर, आणि सेल्फ मारा. पोस्ट म्हणजे मधला शिशाचा खुंट, त्यावरचा क्लॅम्प नव्हे, दोष नेमका त्या दोघांच्या मधे असू शकतो. ०.३ च्या आत हवं. माझ्या त्या भुकटी झालेल्या केबलवर ३.४ आले होते, म्हणजे बॅटरीतला चौथा हिस्सा केबलच खात होती. प्लसच्या बाजूलाही हेच, बॅटरीच्या प्लस पोस्टपासून बी नटापर्यंत, ०.५ च्या आत.

एक फसगत टाळा. मोटर करंट ओढत असेल तरच केबलच्या या आकड्यांना अर्थ आहे. चकती उघडीच राहिली तर केबल कितीही सडकी असो, मीटर शून्याजवळच दाखवणार. म्हणून आधी बी-एम, मगच केबल.

हातोडी आणि स्क्रू ड्रायव्हर

सेल्फवर हातोडी मारली की गाडी सुरू होते, हे खरं आहे. अडकलेला प्लंजर किंवा झिजलेले कार्बन हादऱ्यानं क्षणभर जागेवर येतात. पण अनेक नव्या सेल्फमध्ये मोटरला कायमचे चुंबक चिकटवलेले असतात आणि ते ठोक्यानं तडकतात. अडल्यावेळी लाकडी दांड्यानं सोलेनॉइडच्या अंगावर हलकी टकटक करा, आणि गाडी सुरू झाली तर कुठेही बंद न करता थेट गॅरेजला.

बी आणि एस स्क्रू ड्रायव्हरनं जोडणं ही मिस्त्री लोकांची आवडती करामत. तत्त्व बरोबर आहे. एसला थेट बॅटरी दिल्यावर सेल्फ फिरला तर दोष मागच्या वायरिंगमध्ये. पण गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती अंगावर येते, आणि स्क्रू ड्रायव्हर घसरला तर ठिणग्यांचा पाऊस. नवख्यानं मीटरनं मिळतं तेवढ्यावर भागवावं. बी आणि एम जोडण्याच्या फंदात तर पडूच नका, तिथून मोटरचा पूर्ण करंट वाहतो.

गरम असतानाचा दोष वेगळा धरा. घाट चढून चहाला थांबलात, दहा मिनिटांनी सेल्फ लागत नाही, अर्ध्या तासानं मुकाट्यानं लागतो. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, आणि आधीच म्हातारी झालेली गुंडाळी प्लंजर ओढायला कमी पडते. अशा गाडीची तपासणी ती गरम असतानाच करायची. थंड गाडी मिस्त्रीकडे नेलीत तर तो ‘काही नाही झालं’ म्हणून परत पाठवणार, आणि त्याचीही चूक नाही.

याच्या उलटाही प्रकार असतो. इंजिन सुरू झालं, चावी सोडली, तरी सेल्फ किंचाळत फिरतोच आहे. चकती वितळून चिकटली आहे. इंजिन बंद करा आणि लगेच बॅटरीचा मायनस काढा. इथे विचार करत बसायला वेळ नाही, मोटर आणि केबल जळू शकते.

सेल्फ खाली काढल्यावर

बॅटरीचा मायनस काढून सेल्फ उतरवला की टेबलावर खात्री करता येते. एम नटावरून मोटरकडे जाणारी पट्टी सोडवा. मीटर ‘बीप’वर ठेवून एस-एम आणि एस-बॉडी तपासा. दोन्हीकडे बीप वाजला पाहिजे, म्हणजे गुंडाळ्या शाबूत. बी-एममध्ये बीप वाजता कामा नये, वाजला तर चकती चिकटलीय.

मग बॅटरीचा मायनस जंप केबलनं सोलेनॉइडच्या बॉडीला आणि एमला, दोन्हीला, जोडा आणि प्लस क्षणभर एसला लावा. बेंडिक्स झटक्यात बाहेर आला पाहिजे, बोटं लांब. प्लस तसाच ठेवून एमवरचा मायनस काढा. बेंडिक्स बाहेरच टिकला तर धरणारी गुंडाळी चांगली, मागे गेला तर टक्-टक्-टक्चं कारण हातात आलं. सगळं तीन-चार सेकंदांत उरका, गुंडाळी पटकन तापते.

सोलेनॉइड एकटा बदलता येतो, दोन-तीन स्क्रूंवर असतो. काही सेल्फमध्ये आतले तांब्याचे तुकडे आणि प्लंजरच बदलून भागतं. सेल्फ-डायनामोच्या दुकानात जुना नग दाखवूनच नवा घ्या. एस टर्मिनलची पिन, भोकांचं अंतर आणि प्लंजरच्या टोकाचा हुक तंतोतंत जुळला पाहिजे. खोललाच आहे तर कार्बन आणि बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) बघायला सांगा. गाडी लाखभर किलोमीटर चालली असेल तर तेही वाटेवरच असतात.

बसवताना प्लंजरचा हुक काट्यात अडकलाय याची खात्री करा. तो सुटा राहिला तर ‘टक्’ होईल, मोटरही फिरेल, पण बेंडिक्स जागचा हलणार नाही. सेल्फ बसतो ती गिअरबॉक्सची जागा तारेच्या ब्रशनं घासा, मोटरचं अर्थिंग तिथूनच होतं. मायनस शेवटी जोडा. फ्युएल पंपाचा फ्यूज अजून काढलेलाच असू द्या, बी-एममध्ये मीटर लावून एकदा सेल्फ मारा आणि आलेला आकडा मोबाइलमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. मग फ्यूज घाला. नाहीतर सगळं चोख झाल्यावर गाडी सुरू का होत नाही म्हणून, माझ्यासारखे, आणखी पाऊण तास बसाल.